तीन नंबरची दचक

ओट्यावरच्या मांडणीतून स्टीलचं एक झाकण आपोआप घसरलं आणि फरशीवर गरागरा फिरत राहिलं.

रविवारची दुपार होती. क्वार्टर्समध्ये इतकं शांत होतं, की धावपट्टीपलीकडच्या माळावरचा वारासुद्धा ऐकू यावा. त्या शांततेत झाकणाचा खणखणाट झाला तसा उन्मेषचा चहा बशीत सांडला. चटईवर पालथी पडून चित्र काढणाऱ्या जाईचा हात उडाला आणि हत्तीच्या पाठीतून एक निळी रेघ थेट कागदाबाहेर गेली.

शाल्मली खिडकीशी बसून जाईच्या फ्रॉकला बटण लावत होती. तिने हातातला टाका पूर्ण केला, दोरा ओढला, आणि मग स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"झाकण पडलं," ती म्हणाली.

"तुला काय टपालाने कळवावं लागतं का?" उन्मेष बशीतला चहा परत कपात ओतत म्हणाला.

जाई उठून बसली होती. "आई, तू दचकली नाहीस."

"ऐकू आलं की मला."

"ऐकू येणं नाही गं. दचकणं." जाईने खांदे उडवले, डोळे मोठे केले. "असं."

तेव्हा सगळेच हसले. उन्मेषला तर खेळच सापडला. तो हवाई तळावरच्या शाळेत विज्ञान शिकवायचा आणि कुठलीही गोष्ट करून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. थोड्या वेळाने शाल्मली वाचत बसलेली असताना त्याने बिस्किटांची कागदी पिशवी फुगवली आणि तिच्या कानामागे फोडली. तिने पान उलटलं. मग त्याने दुसरी पिशवी आणली आणि तिच्या तोंडासमोर धरून फोडली.

तिची पापणीही लवली नाही.

उन्मेषच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. "हे कधीपासून?"

"पट्टा घातला की असंच होतं. तोच तर उपयोग आहे त्याचा."

"आत्ता कुठाय पट्टा?"

शाल्मलीचा हात गळ्याकडे गेला. गळा मोकळा होता. पट्टा स्क्वाड्रनमध्ये, तिच्या लॉकरमध्ये होता.

*

'नीलपंख' हे हवाई दलाचं कसरतीचं पथक. नऊ विमानं, नऊ वैमानिक, त्यांतल्या पाच बायका. लीडरही बाईच, विंग कमांडर वसुधा शेलार. स्क्वाड्रन लीडर शाल्मली गव्हाणे तीन नंबरला उडायची, म्हणजे लीडरच्या डाव्या पंखाशी. पथकात नावापेक्षा नंबर चालतो. मेसमध्ये भाजी वाढतानासुद्धा कुणी तरी म्हणायचं, "तीनला कारलं नको, तीन तोंड वाकडं करते."

लोकांना वाटतं, उलटं उडणं अवघड. अवघड असतं ते दुसऱ्याच्या भरवशावर उडणं. तीन नंबरने पुढे बघायचं नसतं, खालीही बघायचं नसतं. लीडरच्या पंखावरचा दिवा आणि लीडरचं हेल्मेट एका रेषेत धरायचं, बस. आकाश कुठे आणि जमीन कुठे, हा लीडरचा प्रश्न. लीडर म्हणते, "पुलिंग अप…" आणि क्षणभर थांबते. मग "नाऊ" म्हणते, आणि त्या 'नाऊ'वर नऊ हात एकदम हलतात. त्या मधल्या थांबण्यातच सगळी कला असते.

गेल्या काही वर्षांत ड्रोनचे थवे आकाशात वाट्टेल ती चित्रं काढायला लागले होते. माणसांनी उडवलेली विमानं बघायला लोक यायचे ते आता एकाच गोष्टीसाठी, ती म्हणजे किती जवळ. म्हणून अंतर कमी होत गेलं. दोन पंखांच्या मधून पूर्वी जीप गेली असती. आता एक माणूस आडवा झोपला तरी त्याचे पाय दुमडावे लागले असते.

एवढ्याशा अंतरात सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे दचक. मोठा आवाज झाला, की तो कानातून मेंदूच्या अगदी बुंध्याशी पोचतो आणि तिथूनच परस्पर मान, खांदे, हात यांना हुकूम सुटतो. विचार करणाऱ्या मेंदूला ही बातमी नंतर मिळते. म्हणून आपण आधी दचकतो आणि कशाला दचकलो ते मग बघतो. वाघाच्या काळात याच आखूड रस्त्याने माणसाला जगवलं. पण विमानाची स्टिक हातात असताना हात बोटभर जरी उडाला, तरी शेजारच्याचा पंख कापला जातो.

त्यावर उपाय म्हणून पट्टा आला. कागदोपत्री त्याचं नाव 'स्थिरक'. गळ्याभोवती मऊ रबराची पट्टी आणि कानांमागे दोन चकत्या. बुंध्यात दचकेची लाट उठायला लागली, की चकत्या ती पकडत आणि तिच्या नेमकी उलटी लाट सोडत. आवाज गिळणारे हेडफोन करतात, तसंच. दुसरं कामही तोच करायचा. लीडरच्या हाताची हालचाल तिच्या 'नाऊ'बरोबर बाकी आठ जणांच्या मानेवर हलक्या थापेने पोचवायचा. जगाचा रस्ता बंद, लीडरचा उघडा.

पट्ट्याला आधी शिकवावं लागायचं. ज्याची दचक त्याने आणायची, असा पथकाचा रिवाजच पडला. एकाने फटाक्याचा आवाज आणला. पाच नंबरने, जी आठपट गुरुत्वाकर्षण सोसून हसत उतरायची तिने, पाल अंगावर पडतानाची चुकचुक आणली आणि महिनाभर सगळ्यांची बोलणी खाल्ली. शाल्मलीकडे फोनमध्ये जाईचं रडणं होतं, ती आठ महिन्यांची असताना पाळण्यातून पडली तेव्हाचं. उन्मेष चित्रफीत काढत होता आणि ते त्यात आपोआप आलं होतं. पहिल्यांदा ते लावलं तेव्हा पडद्यावरची रेघ सगळ्यांपेक्षा उंच उडाली. दोन हंगामांनंतर तेच रडणं लावल्यावर रेघ सरळ गेली. तीन नंबरचा निकाल पथकात सगळ्यांत चांगला आला. त्या दिवशी मेसमध्ये सगळ्यांनी तिला जिलेबी भरवली होती.

*

झाकणाच्या प्रकारानंतर चारेक दिवसांनी ती जाईला घेऊन क्वार्टर्सच्या बागेत गेली.

जाई घसरगुंडीच्या वरच्या पायरीवर उभी होती. शाल्मली खाली, हात लांब केला तर तिच्या पायाला लागेल इतकी जवळ. जाईने शेजारच्या झोक्यावरच्या मुलीला हात हलवून काही तरी सांगितलं, आणि तिची चप्पल पायरीवरून सटकली.

शाल्मलीला सगळं दिसलं. इतकं स्वच्छ तिने काहीच कधी पाहिलं नव्हतं. चप्पल वेगळी झाली. डाव्या हाताची बोटं दांड्यावरून एकेक करून सुटली. फ्रॉकला लावलेलं नवं बटण उन्हात चमकलं. जाईने आईकडे बघितलं. शाल्मलीच्या मनात स्पष्ट वाक्य आलं, ही पडते आहे. आणि तिचे दोन्ही हात शरीराशी तसेच राहिले, जणू कुणी तरी सांगण्याची वाट बघत होते.

हनुवटी पायरीवर आपटली. मग रडणं.

त्यानंतर शाल्मलीने सगळं बिनचूक केलं. रुमाल दाबला, उचललं, दवाखान्यात नेलं. टाके घालताना जाईचं डोकं स्थिर धरलं. कंपाउंडर म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारखी आई पाहिली नाही. बाकीच्या चक्कर येऊन पडतात."

उन्मेष धापा टाकत आला तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं खालीवर लागलेली होती. त्याने जाईला छातीशी धरलं आणि त्याचे हात थरथरत होते. शाल्मली त्या हातांकडे बघत राहिली.

"तू कुठे होतीस?" त्याने विचारलं. रागाने नाही.

"तिथेच. हाताच्या अंतरावर."

तिला भीती वाटली नव्हती असं नाही. भीती आली, पण पायी आली. संध्याकाळी जाईचे केस विंचरताना, मानेवरचा तो मऊ खळगा दिसल्यावर, ती येऊन पोचली. आणि आल्यावर मात्र हलेना. आपलं शरीर आपल्या मुलीला ओळखत नाही, हे कुणाला सांगायचं? जाई पाणी प्यायला उठली तरी शाल्मली तिच्या मागे जायला लागली. जिन्यावर ती एक पायरी खालीच उभी राहायची. पण तिला माहीत होतं की जवळ असून उपयोग नाही. जवळ तर ती तेव्हाही होती.

*

डॉक्टर ग्लोरिया डाबरे मूळच्या वसईच्या. तळावरच्या सगळ्या वैमानिकांना त्या 'तू' म्हणत आणि पथकातल्या मुलींच्या तब्येतीवर आईसारख्या रागवत. त्या दिवशी त्या रागावल्या नाहीत. तपासणी झाल्यावर त्यांनी शाल्मलीसमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली.

"पोरीचं रडणं पट्ट्याला द्यायची कल्पना कुणाची?"

"माझीच. प्रत्येकाने आपापलं दिलं होतं."

"त्या पट्ट्याला काय कळतंय, रडणं कुणाचं ते. त्याला लाट कळते. आईच्या मेंदूत मुलाच्या आवाजाला सगळ्यांत मोठी लाट उठते, म्हणून ती त्याने सगळ्यांत जोरात दाबली. आम्हाला वाटलं, पट्टा काढला की रस्ता पुन्हा उघडेल. पण मेंदू काटकसरी असतो गं. जो रस्ता रोज बंद, त्यावर तो गवत उगवू देतो."

"दुसरा रस्ता आहे ना? विचाराचा."

"आहे. पण तो लांबचा आहे. त्या रस्त्याने तू पोचशील तोवर पोरगी खाली पडलेली असेल."

शाल्मलीने ग्लास उचलला. हात अजिबात हलत नव्हता. तिला वाटलं, निदान आत्ता तरी हलावा.

"परत येईल?"

"हंगामाचं एकच प्रदर्शन उरलंय. त्याने फार फरक पडणार नाही. त्यानंतर पट्टा कायमचा सोडलास तर कदाचित येईल. वर्ष लागेल, जास्तही लागेल. आणि पुढचा हंगाम उडालीस तर," डॉक्टर थांबल्या, "मग मी 'कदाचित'ही म्हणणार नाही."

"पट्ट्याशिवाय उडाले तर?"

"त्या अंतरावर? कोण उडू देईल तुला? आणि तू तरी उडशील का, बाकी आठ जणांच्या जिवावर?"

"बाकीच्यांचं काय? त्यांनाही असं…"

"वर कळवलंय. वरून उत्तर आलं, पट्टा आल्यापासून अपघात शून्य." डॉक्टरांनी ग्लास तिच्या हातातून काढून घेतला. "खोटं नाहीये ते. हाच तर त्रास आहे."

*

उड्डाणाआधी पथक खुर्च्यांवर उडतं. ब्रीफिंगच्या खोलीत नऊ खुर्च्या विमानांच्या रचनेत मांडायच्या, डोळे मिटायचे, उजवा हात मांडीवर धरायचा. लीडर सगळं प्रदर्शन आवाजात उडवते आणि बाकीचे बोटं तेवढी हलवतात. बाहेरून कुणी पाहिलं तर वाटेल, देवळात बसलेत.

डॉक्टरांकडून आल्यावर शाल्मली आपल्या खुर्चीत बसली. पट्टे लॉकरमध्ये होते. वसुधा मॅमचा आवाज सुरू झाला. "रोलिंग लेफ्ट… नाऊ."

शाल्मलीचा हात उडाला. हलवला नाही, उडाला. 'नाऊ' संपायच्या आत मनगट डावीकडे गेलं होतं.

तिने डोळे उघडले. बाकी आठ जण मिटल्या डोळ्यांनी उडत होते. म्हणजे तो आखूड रस्ता मेला नव्हता. फक्त त्याच्यावर आता एकाच आवाजाला परवानगी होती.

आणि तो आवाज घरात आणखी एकीला हुबेहूब काढता येत होता. जाई दोन वर्षांची असल्यापासून जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या मांडून हाच खेळ खेळायची. लीडर तीच. बाबा चार नंबर, आई तीन नंबर, बाहुली राखीव. वसुधा मॅमची ती थांबण्याची तऱ्हा तिने अशी उचलली होती, की एकदा मॅम स्वतः ऐकून म्हणाल्या होत्या, "हिला माझ्या निवृत्तीची तारीख सांगू नका."

शाल्मली घरी आली ती बूटही न काढता जाईला सोफ्यावर उभं करायला गेली.

"जाई, एक नवा खेळ. तू पडायचं. पण पडायच्या आधी लीडरसारखं सांगायचं."

"काय सांगायचं?"

"पडतेस ते."

जाईने विचार केला. हनुवटीवरची पट्टी खाजवली. "पडतेय डावीकडे…" ती थांबली. अगदी तेवढीच. "नाऊ."

शाल्मलीच्या हातांना काही विचारावं लागलं नाही. जाई हवेत असतानाच तिच्या छातीशी आली होती. शाल्मलीने तिला इतकं घट्ट धरलं, की ती "आई, पट्टी दुखते" म्हणाली. पुन्हा केलं. उजवीकडे. मागे. प्रत्येक वेळी हात आधीच तिथे. जाई खिदळत होती. शाल्मलीही हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

उन्मेष दारात उभा राहून बघत होता. जाई हात धुवायला गेल्यावर तो म्हणाला, "छान. पण ती साडेचार वर्षांची आहे."

"तिला येतंय ना पण. बघितलंस तू."

"येतंय हे दिसलं. शाल्मली, पडणाऱ्याने आधी सांगायचं?"

"लीडर सांगतेच की. आम्ही नऊ जण यावरच जिवंत आहोत."

"हे पथक नाहीये गं. हे घर आहे."

"मला पुढचा हंगाम हवाय, उन्मेष." ती इतक्या हळू बोलली, की त्याला पुढे वाकावं लागलं. "बारा वर्षं या जागेसाठी घालवली. आणि यातून निघाले आणि तरीही परत नाही आलं, तर? मग दोन्ही गेलं. निदान ह्यात एक तरी राहतंय."

उन्मेषने सोफ्याच्या उशा सरळ केल्या. त्यांतली एक त्याने खाली, फरशीवर ठेवली. जाई पडायची त्या बाजूला.

*

शेवटचं प्रदर्शन तळावरच होतं. मंडपात पाहुणे, मैदानात शाळांची मुलं. उन्मेष आणि जाई पहिल्या रांगेत होते.

सगळी विमानं एका मोठ्या वर्तुळाच्या माथ्यावर उलटी होती तेव्हा शाल्मलीच्या कॅनॉपीवर घार आदळली.

स्फोट व्हावा तसा आवाज झाला. काचेवर जाळं पसरलं, मग लाल. एका डोळ्यासमोरचं जग नाहीसं झालं. दुसऱ्या डोळ्यात लीडरचा दिवा होता, हेल्मेट होतं. दोन्ही अजून एका रेषेत होते. तिने ते धरून ठेवले.

"पुलिंग थ्रू… नाऊ."

मानेवर थाप आली. हात हलला. वर्तुळ पूर्ण झालं. खालून बघणाऱ्यांना काहीच कळलं नाही. नऊ रेघांचा धूर शेवटपर्यंत एकसारखा राहिला.

"तीन, काचेला काय झालं?" दोन नंबरचा आवाज आला.

"पक्षी," ती म्हणाली. "तीन ठीक."

उतरल्यावर ती विमानाच्या शिडीपाशी उभी राहिली. यंत्रज्ञ काच बघून एकमेकांशी कुजबुजत होते. पाच नंबर येऊन तिच्या गळ्यात पडली आणि रडली. "तुझा हात बोटभर जरी हलला असता, तर आम्ही सगळे…" शाल्मली तिच्या पाठीवर थोपटत राहिली. ती वाट बघत होती. आत्ता गुडघे लटपटतील, आत्ता छाती धडधडेल. काही आलं नाही. जाईने आज आईला गमावलं असतं, ती स्वतःला म्हणाली. वाक्य बरोबर होतं. शरीरात कुठेही ते उमटलं नाही.

वसुधा शेलारांनी तिला हँगरच्या सावलीत बाजूला घेतलं. त्यांच्या गळ्यावर पट्ट्याचा वळ होता.

"आज नऊ घरं वाचली तुझ्यामुळे. पुढच्या हंगामाला तीन नंबर तूच. हो म्हण."

"डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय ना, मॅम?"

"सांगितलं." मॅम हातमोजे काढत होत्या, एकेक बोट सावकाश. "माझे बाबा माझ्याजवळ असतात, माहितीये तुला. परवा बाथरूममधून येताना घसरले. मी दारात होते, त्यांचा टॉवेल घेऊन." त्यांनी हातमोजे नीट घडी करून खिशात ठेवले. "मी आधी टॉवेल खिळ्याला अडकवला. मग त्यांच्याकडे गेले."

"लागलं त्यांना?"

"मांडीचं हाड. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. फक्त आता मी खोलीत आले, की ते भिंत धरतात."

शाल्मलीची नजर पुन्हा त्यांच्या गळ्यावरच्या वळाकडे गेली.

"मला आता मागे फिरून काही मिळणार नाही," मॅम म्हणाल्या. "तुझ्या मागे घर आहे, तू ठरव. पण संध्याकाळपर्यंत सांग. तीन नंबर रिकामा ठेवून मला झोप लागत नाही."

*

उन्मेषने घरी पोचल्यावर सांगितलं. शाळेत जाईच्या बाई त्याला भेटल्या होत्या. आधी त्यांना गंमत वाटली होती म्हणे. जाई बाकावर बसताना "बसतेय… नाऊ" म्हणते. पाणी पिताना म्हणते. मुलं पकडापकडी खेळतात तेव्हा ही भिंतीशी उभी राहते. बाईंनी विचारलं, तर म्हणाली, "धावताना सांगायला जमत नाही."

"मला आधी का नाही सांगितलंस?" शाल्मलीने विचारलं.

"आज तुला उडायचं होतं."

ती जाईला घेऊन बागेत गेली. ऊन उतरत होतं. मुलांचा नुसता कल्लोळ होता. पडत होती, उठत होती, गुडघे झटकत होती, एकमेकांना ढकलत होती. कुणीही कुणाला काही सांगत नव्हतं.

जाई घसरगुंडीची शिडी चढायला लागली. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवायची. दांडा घट्ट धरायची. मान वळवून आई कुठे आहे ते बघायची. ओठ हलायचे. मग पुढची पायरी. तिच्या मागे दोन मुलं ताटकळली होती. त्यांतला एक म्हणाला, "ए, चल की लवकर." जाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर फक्त एका ठिकाणी होती. शाल्मलीला ती नजर ओळखीची होती. पंखावरचा दिवा आणि हेल्मेट. दोन्ही एका रेषेत.

महिनाभरापूर्वी हीच मुलगी चप्पल उडवत, झोक्यावरच्या मैत्रिणीला हात हलवत वर चढली होती.

शाल्मलीने फोन काढला. मॅमनी पहिल्याच रिंगला उचलला.

"मॅम, तीन नंबर दुसरी बघा."

"विचार केलास?"

"विचारच करते आहे, मॅम. तेवढंच उरलंय माझ्याकडे."

"बरं," मॅम म्हणाल्या. आणि मग, फोन ठेवायच्या आधी, "तुझं परत आलं, तर मला सांग. नाही आलं तर नको सांगूस."

जाई वर पोचली होती. मागच्या मुलांना पुढे जाऊ देऊन ती एका बाजूला, दोन्ही दांडे धरून उभी होती. शाल्मली घसरगुंडीच्या खाली गेली, अगदी जवळ, आणि तिने मान वर केली.

"जाई, मी ते विमान आता उडवणार नाही."

"कधीच?"

"कधीच."

"आणि पट्टा?"

"पट्टा पण नाही."

जाईने ते नीट ऐकून घेतलं. हनुवटीवरची टाक्यांची गुलाबी रेघ आता भरून आली होती. तिने एका दांड्यावरचा हात सोडला, मग पुन्हा धरला. खाली आईच्या हातांकडे बघितलं, त्या दोन्ही हातांकडे, आळीपाळीने.

"आई, मग आता मी न सांगता पडले तर चालेल?"